सरांना थांबा कोण म्हणणार

१२ जुलै, अमरावती
'बंडी'चा अर्थ गेला. आमच्या वऱ्हाडी कोशात तो होता, बैलगाडी. मीच तपासला होता, चांदूर बाजारच्या एका बाईंच्या वाक्यासकट. आता शब्दापुढे फक्त 'आठवून लिहू'. 'धुरा', शेताचा बांध, त्यापुढे तेच. कपाशीच्या 'पऱ्हाटी'पुढे तेच.
हे सरांनी केलं आहे. अकोल्यात, घरच्या संगणकावर, स्वतःच्या हाताने. मला एम.ए.ला भाषा शिकवणारा माणूस. परवा फोनवर विचारत होते, मोर्शीला शब्द गोळा करायला कधी जायचं. मोर्शीचं काम आम्ही दोघांनी मिळून केव्हाच संपवलं.
जुनी प्रत काढायची. सरांचा मुलगा विलास रोज संध्याकाळी अख्ख्या कोशाची प्रत घेतो. तेवढं बरं.

१३ जुलै
विलासने प्रती पाठवल्या. कालची उघडत नाही. परवाची नाही. मे महिन्यातली अर्ध्यावर थांबते.
फोन केला. प्रत घेताना संगणक काही सांगत नव्हता का?
"सांगे तं. वाचताना फाइल बदलली, असं रोजच ये. मंग मी तो इशारा बंदच करून टाकला. उगाच किरकिर."
"रोज येतो म्हणून बंद केलास?"
"ताई, प्रत तं होऊनच राहिली होती न."
फोन ठेवला. पुन्हा लावला आणि बोलायचं ते बोलले. इथे लिहीत नाही.

१५ जुलै
कोश एकाच मोठ्या फाइलीत. सर लिहीत असतात, लिहिलेलं आपोआप साठत असतं, आणि त्याच वेळी वि. प्रत घेतो. सुरुवातीचा भाग बदलाच्या आधीचा, शेवटचा नंतरचा. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. इशारा एवढंच सांगत होता.
सगळे इशारे सारखे नसतात, मान्य. संगणक स्वतःच्या नोंदी लिहीत असतो. त्या फाइली बदलल्या तर बदलू द्याव्यात. वि.ने त्या आणि कोश एकाच पोत्यात भरले आणि तोंड शिवलं.
उपाय साधा. लिहिणं थांबवायचं, प्रत घ्यायची, पुन्हा लिहायचं. चहा पिऊन होतो तेवढा वेळ.
वि.ला सांगितलं. त्याचं उत्तर, "त्याईले थांबा म्हणन कोण? मी?"
स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकाला तोंडावर खोटारडा म्हणणारा माणूस हा.

१९ जुलै, अकोला
आले. या घरातली रीत: सर लिहायला बसले की हाक मारायची नाही. जेवायलाही नाही. ताट झाकून ठेवतात. विलास पन्नाशीला आला, अजून दारातून परततो.
वि.कडून व्यवस्था बदलून घेतली. प्रत घेताना कोश बदलला तर ती प्रत टाकायची, पुन्हा घ्यायची. तरी बदललाच तर संगणकाने थांबून ओरडायचं. जुनं काही पुसायचं नाही.
संध्याकाळी संगणक ओरडला. पुन्हा घेतली, पुन्हा ओरडला. आत सर लिहीत होते. दारात आम्ही दोघं.
"सांग ना."
"तुमी सांगा. तुमी त्याईच्या लाडक्या."
कोणीच सांगितलं नाही. संताप येतो लिहितानासुद्धा.

२० जुलै
सांगितलं. "सर, थांबा जरा."
हात उचलले नाहीत. "काहून?"
"प्रत घ्यायची आहे."
"मंग घे. मी काय तुह्या प्रतीले धरून ठेवलं?"
"तुम्ही लिहीत असलात की ती बिघडते."
मग वळले. "बंडी पाहून आली ना तू?"
म्हणजे माहीत आहे.
"सर, अर्थ होता तिथे. का पुसलात?"
"होता. वाचला. मले माहा वाटला नाही. जे आपल्याले ठाऊक नाही ते कोशात ठेवू नये, हे तुले कोनं शिकवलं?"
त्यांनीच. त्यांच्या याच ताठपणावर मी वीस वर्षं जीव टाकला, आणि आज तो हातातून हिसकावून घ्यावासा वाटला.
"रोज एखादा शब्द जाते," म्हणाले. "म्हणून तं उठत नाही. आहेत ते लिवून घेऊन राहिलो. तू म्हणतेस थांबा."
पण हात मांडीवर ठेवले. विलासकडे पाहिलंच नाही. प्रत झाली. उघडली. इशारा नाही.
"आज काईच नाई आलं, ताई," वि. बाहेर खूश.

२१ जुलै
सर पहाटेपासून बसले होते. आंघोळीला गेले तेव्हा आणखी एक प्रत घेतली. हीही नीट.
दोन्ही शेजारी लावून पाहिल्या. कालचीत 'सांबार'चा अर्थ आहे, कोथिंबीर, बाजारातल्या वाक्यासकट. आजचीत 'आठवून लिहू'. आजचीत वरूडकडच्या संत्री तोडणाऱ्या बायकांचा एक शब्द आहे. मी कधी ऐकला नव्हता. अर्थ पक्का, वाक्य जिवंत. कालचीत तो नाही.
जपून दोन्ही ठेवता येतील. सरांपुढे एकच उघडता येते. हवं ते उचलून एक करीन म्हटलं, तर सर वाचतील आणि पुसतील. त्यांना न सांगता कोश दुसरीकडे हलवीन म्हटलं, तर ते खोट्या फाइलीत लिहीत बसतील. हे विलास सहज करील. म्हणालाही. त्याला दारातून हाकललं.
परत आला. या घरात प्रत्येक गोष्ट दारात उभं राहून विचारतात.
"ताई, बाबा येऊन बसले. कोनती उघडून देऊ?"