घरी करमते का?

देशकर सर,

"तुम्हाला उदास वाटते का?" हा तुमच्या संशोधनानं सिद्ध झालेल्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न. घाटंजीच्या बाया त्याले "नाही" म्हणत. मी विचारलं, "घरी करमते का, बाई?" तर त्या रडल्या. "प्रश्न बदलून पुरावा नासवला," म्हणत तुमी मले भर मीटिंगमधी कामावरून काढलं.

काल माझ्या नव्या समुपदेशन केंद्रात तुमच्या मिसेस आल्या. तुमच्या प्रश्नाले "नाही" म्हणाल्या. माझ्या प्रश्नावर दोन तास बोलल्या, सारं तुमच्याबद्दलच.

ते तुमाले कळवाले हात शिवशिवून राह्यले. पण पत्र टाकत नाही. बाईचं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हे तुमीच शिकवलं.

आज जेवताना त्या गप्प दिसतीन. तुमी विचारसान, "तुला उदास वाटते का?"

त्या "नाही" म्हणतीन.

तुमी काढलेली,
ममता