दहा लाख पाच हजार नऊशे त्र्याहत्तर

३ मार्च
ताईचा फोन! बायको गेली तेव्हा ताई येऊन गेली होती, त्यानंतर आजच. हवापाण्याचं विचारून झालं. मग एकदम म्हणाली, "लिहून घे. दहा लाख पाच हजार नऊशे त्र्याहत्तर. फुटते का सांग. कॅल्क्युलेटर नाही हं!"
लहानपणी अशाच संख्या फोडायचो, म्हणजे कुठल्या दोन लहान संख्यांचा गुणाकार ते शोधायचो. हरेल त्यानं भांडी घासायची. मीच घासायचो.

४ मार्च
शेवटी तीन — म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज पंचवीस, तीनही बाद. सातनं बाकी तीन. अकरानं बाकी एक — हाताशी येऊन निसटली! फोन करून सांगितलं. "एवढ्यात दमलास?" हसली.

१२ मार्च
दुकानात मागच्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा घासतो. आज दिवसभरात तोंडातून एकच शब्द निघाला — "उद्या." गिऱ्हाईकानं चष्मा कधी मिळेल विचारलं म्हणून.
घरी येऊन एकतीस, सदतीस, एक्केचाळीस. मग फोन. "नाही, नाही आणि नाही." एवढं सांगायला मिळावं म्हणून दिवस ढकलतो की काय मी?

२ एप्रिल
हजारापलीकडे जायलाच नको. दोन्ही तुकडे त्याहून बरेच मोठे असले तर गुणाकार संख्येच्या वर जाईल. आणि तपासायच्या त्याही फक्त मूळ संख्या, ज्या स्वतः फुटत नाहीत त्या. तरी ढीगभर आहेत. "घाई काय आहे?" — ताई.
तिचं बरं आहे. घरात भावोजी आहेत. माझ्याकडे भिंती.

२६ एप्रिल
ताप. फोन केला नाही. तर तिचाच आला.
"कुठवर आलास?"
"पाचशे एक्केचाळीस."
"बरा आहेस ना?"
"ठणठणीत." फोन लगेच ठेवला.

१९ मे
नऊशे एक्क्याण्णवही गेली. आता एकच उरली — नऊशे सत्त्याण्णव. भागाकार मांडला आणि पुसला. तिनंही भाग गेला नाही, तर संख्या मूळच. मग उद्यापासून ताईशी बोलायचं काय?

२१ मे
फुटली! ९९७ गुणिले १००९. बाकी शून्य. दोन्ही मूळ, आणि सख्ख्या शेजारणी — मधे तिसरी मूळ संख्याच नाही.
नाचावंसं वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. हजाराच्या आतल्या सगळ्या संपल्याशिवाय फुटणार नाही, अशी संख्या सहज कोणाच्या तोंडून निघत नाही!
फोन लावला. "ताई, मुद्दाम दिलीस."
"कळलं एकदाचं, ठोंब्या!"
"माझ्यासाठी तू एवढं..." तिनं फोन ठेवला.

२२ मे
सकाळीच ताईचा फोन. "तुझ्यासाठी नव्हती रे ती. हे आता मला ओळखत नाहीत. 'बाई, तुम्ही कोण?' म्हणतात. तुझा फोन आला की वाटायचं, आपण अजून कोणाची तरी ताई आहोत."
दुकानात निरोप ठेवला. गाडीत बसून लिहितोय.