मागच्या खोलीतलं मीठ

२ जुलै १९९७, बुधवार
मागच्या खोलीची भिंत आज पुन्हा बोट लावून पाहिली. कमरेपर्यंत ओली. चुना बोटाला येतो, वर पांढरं पिठासारखं फुललेलं. पोपडे रोज झाडते, रोज नवे.
इचलकरंजीहून लेकीचा, मधूचा फोन. आठवा महिना लागला. खोकला थांबत नाही. घराला लागूनच मागांची शेड, कापसाचे तंतू सगळीकडे. डॉक्टर म्हणाले, दमा असलेल्या पोरीला आता तिथे ठेवू नका. "आई, मी तिकडे येते ना." म्हटलं, ये. लग्नाला आठ वर्षं झाली तेव्हा कुठे हे दिवस आले. कुठे झोपवू, हे बोलले नाही.
मधल्या खोलीला लागून स्वयंपाकघर, मध्ये दारही नाही. फोडणीच्या धुराने तिला लहानपणापासून ढास लागते. पुढे दुकान, ते भाड्याने दिलेलं. राहिली ही मागची.

४ जुलै, शुक्रवार
शंकरराव पेंटर आले. आमच्या घराला पंचवीस वर्षं त्यांचाच हात. भिंतीवर तळवा दाबून उभे राहिले, मग पत्रीने खरवडून एक पोपडा काढला आणि चक्क जिभेवर ठेवला.
"वैनी, खारट हाय."
मला हसू आलं. त्यांना नाही.
"हितं काय ठेवत हुता?"
मला ठाऊक नव्हतं. ह्यांना विचारलं. पेपरामागून म्हणाले, बाबांचं मीठ. मामंजींच्या दुकानाचं खडे मीठ, पोत्यांची थप्पी याच भिंतीला लावलेली, आमच्या लग्नाच्या आधी कित्येक वर्षं. मी आले तेव्हा खोली रिकामी होती, पांढरी स्वच्छ. कुणी बोललं नाही. मुद्दाम नव्हे. मीठ ते मीठ, त्यात सांगायचं काय.
शंकरराव म्हणाले, मीठ गिलाव्यात मुरलंय, ते हवेतलं पाणी ओढतंय. "पाऊस हाय तवर ही भित वाळायची न्हाय. गिलावा फोडायचा, उन्हाळाभर उघडी ठेवायची, मग चुन्याचा गिलावा."
उन्हाळाभर. बाळ ऑगस्टअखेर.

५ जुलै
मधूचा पाळणा याच खोलीत होता. मीच टांगायला लावला होता, रस्त्याचा आवाज नको म्हणून. चौथ्या वर्षी पहिल्यांदा तिची छाती वाजली. तेव्हा खिडकीतून वारं येतं म्हणून तिची गादी मीच सरकवली. भिंतीकडे.
आता हे लिहिलेलं वाचते तर…

६ जुलै, रविवार
विहीणबाईंचा फोन. त्या नेहमीच मोठ्याने बोलतात, रागावल्या नव्हत्या. "तुमच्याकडं वल हाय म्हणत्यात. कोरडी खोली असंल तर धाडते, न्हायतर मिरजंला माझ्या भावाकडं ठेवते. वीस तारखंला येऊन बघून जाते."
भावाची बायको चांगली असेल. पण मधूच्या केसांना तेल कोण लावील? पहिलं बाळंतपण. माझ्या आईने माझं केलं तेव्हा तिची कंबर धरलेली होती, तरी रोज स्वतः शेक द्यायची. धुरीचा वास अजून नाकात आहे. माझं एवढंच राहिलंय करायचं.

९ जुलै
तीन दिवस खोलीत कोळशाची शेगडी, खिडकी उघडी, टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून. हे म्हणाले, "भिंत भाजून खायची आहे का?" आणि मग आपणच उठून कोळसे घातले.
संध्याकाळी पेपरचा कागद भिंतीवर दाबला. चिकटून राहिला.

११ जुलै
शंकररावांना म्हटलं, ऑईल पेंट मारा.
"वल्या भितीवर? चार दिस झ्याक दिसंल, मग फुगंल."
"मला चार दिवसच हवेत."
"कुनाला दावायचं हाय?"
मी चहा टाकायला उठले. ते म्हणाले, मी न्हाय मारणार वैनी, दुसरा बघा. चिडले नाहीत. चहा घेतला. जाताना पत्री कोनाड्यात ठेवली. "ऱ्हाऊ दे. लागंल."

१५ जुलै, मंगळवार
दुसरा पेंटर बघितला नाही. शेगडीने वरवर कोरडं झालं होतं. खळग्यांत लांबी मीच भरली, पॉलिश पेपर मारला. खांदे भरून आलेत. पिस्ता रंगाचे दोन डबे आणले. मधूला तो रंग आवडतो.
हे स्टूल धरून उभे. एकदाच म्हणाले, "नक्की ना?"
शाळेत सिस्टर भरतकाम हातात घेतलं की आधी उलटं करून बघायच्या. पुढून कितीही सुंदर असो. माझं मागून नेहमी गुंतलेलं असायचं. एकदा रुमालाला मागून अस्तर लावून दिलं. सिस्टरांनी कात्रीने अस्तर उसवलं आणि रुमाल परत दिला. पन्नास वर्षांनी आज तो रुमाल डोळ्यांपुढे.

१८ जुलै
रंगाचा दुसरा हात झाला. खोली खरंच देखणी दिसते. दारात उभी राहून रडले, आनंदाने की कशाने कळलं नाही.

२० जुलै, रविवार
विहीणबाई आल्या. चप्पल काढून थेट मागच्या खोलीत. भिंतीवर तळवा फिरवला, वरपासून खालपर्यंत. गुळगुळीत, कोरडी.
"झ्याक केलंय की. मला वाटलं नुसतं बोलनं हाय."
मग खाटेवर बसल्या, माझा हात धरला. "पोरगी बसून झोपती वो. पाटीला उशा लावून. मला बघवत न्हाय. तिला सोडायचं जिवावर येतंय, पर तुमच्याकडं सोडते. गुरवारी एकतीसला घिऊन येतो."
मी त्यांना कुंकू लावलं. त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. त्यांना वाटलं, मला भरून आलं.

२४ जुलै
पाऊस सलग. खाटेच्या मागे एक फुगा आलाय, पुरीएवढा.

२५ जुलै
तीन फुगे. मोठ्याला केसांतल्या आकड्याने टोचलं. पाणी ओघळलं. शंकररावांसारखं बोट जिभेला लावलं.
खारट.

२६ जुलै
दुपारी दार लावून दोन तास खोलीत बसले. श्वास मोजत. मला काही होत नाही. पण माझी छाती कधीच वाजली नव्हती, तिला काय कळणार.
मधूचा फोन. "आई, भिंत कुठल्या रंगाची?" पिस्ता. "मग मी खाटेवरून भिंतच बघत बसणार." बोलता बोलता ढास लागली. फोन विहीणबाईंनी ठेवला.

२८ जुलै, सोमवार
फुग्यांपुढे कपाट सरकवत होते. हे दारात. मला वाटलं, ओरडतील. म्हणाले, "मला शुक्रवारीच दिसलं. तू कधी सांगतेस याची वाट बघत होतो."
"तिला की तुम्हाला?"
"कुणालाही."
कपाट अर्ध्यावरच राहिलं.
सांगितलं तर ती मिरजेला. नाही सांगितलं तर इथे, या भिंतीजवळ, आणि बाळ. दोन्हीकडून मीच…

२९ जुलै
सकाळी दहाला फोन केला. विहीणबाईंनीच घेतला. सगळं सांगितलं. मीठ, पाळणा, शंकरराव नको म्हणाले ते, मी रंग लावला ते. कुठे थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.
पलीकडे फक्त मागांचा खडखडाट. मग, "माझा हात फिरवून घेतलासा. आन् आत्ता सांगतायसा?"
हो, म्हटलं.
"मधूला काय सांगू?"
हेच.
फोन ठेवला त्यांनी. आपटला नाही.

३० जुलै, बुधवार
सकाळपासून कोनाड्यातली पत्री घेऊन मागची खोली खरवडते आहे. पिस्ता रंगाची सालं निघतात, दुधावरच्या सायीसारखी. खाली भिंत तशीच ओली. निदान आता दिसते तरी.
अकराला स्वयंपाकघरात गेले तर गॅसची शेगडी आणि सिलिंडर जागेवर नाहीत. ह्यांनी शेजारच्यांना हाताशी घेऊन सगळं मागच्या पडवीत नेलं. वर पत्रा आहे, बाजूने पाऊस येतो. "फोडणी आता इथे दे," म्हणाले. "छत्री मी धरतो." छत्तीस वर्षांच्या संसारात, चूलच हलवता येईल हे माझ्या कसं ध्यानात आलं नाही. रंगात जीव अडकला होता.
खाट मधल्या खोलीत आणली. मोठी चादर पडद्यासारखी बांधली.
इचलकरंजीचा फोन नाही. दोनदा मीच लावला, लागला नाही. उद्या गुरुवार. गाडी इकडे वळणार की मिरजेकडे, माहीत नाही.
मधल्या खोलीच्या भिंतीला हात लावला. मग गाल लावला. कोरडी वाटते. पण माझ्या हाताचा मला भरवसा उरलेला नाही. ह्यांना म्हटलं, तुम्ही बघा. त्यांनी चष्मा काढला, भिंतीला गाल टेकला, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.