नाड्याचं टोक

नाना, परवा माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दहा मिनिटांत! डॉक्टरीण अगदी पोरगेलीशी. ‘हो गया अम्मा, उठो,’ म्हणाली, आणि मी आपली उताणी पडून वाट बघतेय, ही बाई सुरू कधी करणार म्हणून. तुम्हाला याच देवासला, धर्मशाळेतल्या डोळ्यांच्या कॅम्पात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडाभर निजवून ठेवलं होतं, आणि तुम्ही त्या पिशव्यांनासुद्धा शिव्या घालत होता. आज सकाळी मला माझंच अक्षर स्वच्छ दिसलं, तेव्हा पहिली तुमची आठवण झाली आणि कागद ओढला. नातू विचारतो, ‘आजी, किसको लिख रही हो?’ म्हटलं, माझ्या वडिलांना. ‘पोस्ट कहाँ करोगी?’ म्हणून हसत सुटला. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यामुळे कागद उघडा टाकून जेवायला उठता येतं, तेवढाच फायदा.

संस्थान विलीन झालं आणि धारचा मोटारखाना बंद पडला, त्यानंतरची ती वर्षं. तुम्हाला नव्या खात्यात घेतलं होतं, पण कच्चं; पक्कं करायचं ते ओव्हरसियरसाहेबांच्या हातात. आणि नेमके तेव्हाच तुमचे डोळे पिकायला लागलेले. घरात फक्त आईला आणि मला ठाऊक. बोल्ट तुम्ही बोटांनी चाचपून ओळखता, पाना हातात घेऊन वजनावरून त्याचा नंबर सांगता, आणि रस्त्यात कुणी ‘राम राम, मिस्तरी’ म्हणालं की आवाजावरून नाव घेता. ऑपरेशनचं काढलं की ओरडता, ‘सुट्टी मागितली की त्यांना कळेल, आणि कळलं की घरी बसवतील!’ झाकली मूठ सव्वा लाखाची, असं चाललं होतं. आई देवापुढे दिवा लावताना रोज तेवढंच मागायची, की यांची नोकरी राहू दे आणि डोळे उघडू देत. दोन्ही एकदम मिळणं अवघड आहे हे तिलाही दिसत होतं.

मग निसरपूरच्या पुढचा नर्मदेचा घाट. तिथे पिंपांची नाव होती. लोखंडी पिंपांच्या दोन रांगा, वर फळ्या, मध्ये जुन्या लॉरीचं इंजिन आणि पुढे त्याच लॉरीचं चाक. चाक फिरवलं की तारेचा दोर मागचं सुकाणू ओढायचा. तो दोर झिजून त्याच्या तारा कुसळासारख्या वर आल्या होत्या. जत्रेआधी तो बदलायचा, आणि चाचणीला ओव्हरसियर स्वतः येणार. माझ्या शाळेला सुट्टी होती. आई म्हणाली, ‘पोरीला न्या बरोबर. निदान उजवं-डावं सांगेल.’ बावीस वर्षांची होते मी, शाळेत मास्तरीण, चाळीस मुलींना गप्प बसवणारी. पण तुमच्या हत्यारांच्या पेटीला हात लावायचा तर आधी दोनदा तुम्हाला विचारायची. एकदा पक्कड अंगणात विसरले होते, तर तुम्ही अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला होता, ‘हत्यार जागेवर नाही म्हणजे माणूस जागेवर नाही!’ ते ओरडणं अजून कानात आहे.

काम मात्र काय देखणं केलंत, नाना! जुना दोर उलगडून फळ्यांवर सरळ पसरलात, त्याच्या मापाने नवा कापलात, ग्रीस माखून कप्प्यांतून ओवलात. सुकाणूची उजवी आणि डावी, दोन्ही टोकं पुढे येऊन चाकाखालच्या एकाच भोकातून वर निघणार, आणि तिथल्या चरखीवर एक वरून गुंडाळायचं, एक खालून. अदलाबदल झाली की सगळंच उलटं. म्हणून उजव्या टोकाला तुम्ही खंडेनवमीच्या पूजेतला लाल नाडा बांधलात. नाडा बोटाला लागतो, त्याला डोळे लागत नाहीत, असं तुम्हीच हसून म्हणाला होतात. नाडा बांधून तुम्ही हात धुवायला घाटावर उतरलात.

तेवढ्यात म्हातारा केवट, त्या नावेचा नावाडी, नारळ घेऊन आला. ‘माई की पूजा बिना तार पाणी मं नी जाय, बेन.’ मी आईने दिलेली पुडी सोडली. हळद होती, कुंकू होतं, सुपारी होती. नाडा तेवढा नव्हता. केवट हटून बसलेला, की चाकाला नाडा बांधल्याशिवाय पूजा नाही. मी आपला तारेवरचा नाडा सोडला, दातांनी त्याचे दोन तुकडे केले, एक चाकाला बांधला आणि दुसरा परत तारेला. दोन्ही टोकं शेजारी शेजारी पडली होती. जे हाताला आलं त्याला बांधला. तुम्ही आलात, पालथे पडून चाकाखाली शिरलात आणि आतून हात बाहेर काढून म्हणालात, ‘नाड्याचं टोक दे.’ मी दिलं.

दुपारी ओव्हरसियर पांढरी हॅट घालून आले; पलीकडे जाणारे बाजारकरीही गुळाच्या टोपल्या घेऊन नावेत चढले. इंजिन सुरू झालं, नाव धारेला लागली, केवटाने चाक उजवीकडे फिरवलं आणि नाव निघाली डावीकडे! त्याने आणखी उजवीकडे फिरवलं, ती आणखी डावीकडे. ‘अरे मिस्तरी, या तो उल्टी चाले!’ म्हणून तो ओरडतोय तोवर आम्ही वाळूत रुतलोसुद्धा. साहेबांची हॅट पाण्यात, साहेब गुळाच्या टोपल्यांवर. बाकी सगळे पोट धरून हसत होते. मला त्याच क्षणी कळलं, नाना, नाडा मी चुकीच्या टोकाला बांधला होता.

तुम्ही हसला नाहीत. तिथेच उभे राहिलात, टोपी काढलीत आणि म्हणालात, ‘साहब, गलती मेरी है. नाडा गलत बांधा. मुझे दिखता नहीं, दो साल से नहीं दिखता.’ एवढं लपवलेलं, आणि सगळ्या नावेसमोर सांगून मोकळे झालात! साहेब धोतराला चिकटलेला गूळ झटकत उभे राहिले. मला वाटलं, संपलं. तर ते म्हणाले, ‘पहले आँखें बनवाओ, मिस्त्रीजी. तार इतनी बढ़िया डाली है, आदमी कहाँ से लाऊँगा मैं दूसरा?’ मग तुम्ही माझ्याकडे वळलात. ‘टोकं बदल. तूच कर, मला नाही जमायचं.’ मी चाकाखाली शिरून टोकं बदलली. नाव सुतासारखी सरळ पलीकडे गेली. परतताना तुम्ही पेटीतली ती पक्कड काढून माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, ‘बरी लावलीस. ही तुझी.’ जन्मात तुम्ही माझी केलेली ती एकुलती एक तारीफ, आणि तीही माझीच चूक मी निस्तरली म्हणून.

कॅम्पातून जाड भिंगांचा चष्मा लावून घरी आलात, तेव्हा आईकडे बघून म्हणालात, ‘अगं, तुझे केस कधी पिकले?’ ती लाजली आणि रडलीसुद्धा. पक्के झालात, पुढे कितीतरी वर्षं काम केलंत. आपले ते दिवस खरंच सुखाचे गेले.

मी मात्र ही गोष्ट पोराबाळांना सांगताना नेहमी म्हणत आले, की नानांनी डोळे करून घ्यावेत म्हणून मी मुद्दाम गप्प राहिले. सगळे म्हणतात, आजी काय हुशार! खोटं आहे ते. डोळ्यांचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. चारचौघांत तुम्ही माझ्यावर ओरडाल एवढीच भीती होती. म्हणून तुम्ही टोपी काढून माझी चूक स्वतःवर घेतलीत, तरी मी मूग गिळून उभी राहिले. परवा ऑपरेशनआधी माझ्या तोंडावर हिरवी चादर ओढली, तेव्हा तुमचा तो उघडा माथा दिसला आणि मला लाज वाटली.

पक्कड माझ्या स्वयंपाकघरात आहे, फडताळाच्या पहिल्या खणात, जागेवर. हा कागद घडी करून तिच्याखाली ठेवतेय. टपाल पोचत असतं तरी मी तो टाकला नसता, नाना. तुम्ही चष्मा लावून सगळा वाचला असतात आणि पक्कड परत मागितली असतीत.