भागिले आठ

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. तिकडे तुझा डोळा, भाऊजींचा गुडघा आणि तुझा माझ्यावरचा राग, तिन्हींची खुशाली कळव. (भाऊजी, हे तुम्हीच तिला वाचून दाखवत असणार. जरा मोठ्याने वाचा.)

तुझी तक्रार पोचली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख सांगायला तू संध्याकाळी सहाला फोन लावलास, तो पाऊण तास एंगेज लागला, आणि ‘त्याला आता बहीण नकोशी झाली’ असं ठरवून तू अबोला धरलास. नंतर मी फोन केला, तर भाऊजी म्हणाले, ती अंघोळीला गेली आहे. एकाच संध्याकाळी हे तीनदा झालं. ताई, इतकी स्वच्छ तू लहानपणीही नव्हतीस.

दोष मॉडेमचा आहे गं. मी घरी बसून पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढतो आणि संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून ऑफिसला पाठवतो. ते किंचाळणारं डबडं एकदा लाइनवर बसलं की पाऊण तास उठत नाही, आणि तेवढा वेळ सगळ्या जगाला आमचा फोन एंगेज. म्हणून मी हट्टाने डिजिटल लाइन घेतली. तिच्या एका तारेत दोन वाटा असतात, प्रत्येकी चौसष्टच्या. दोन्हींवरून नकाशा सोडला तर वेग सेकंदाला एकशे अठ्ठावीस. मध्येच फोन आला तर एक वाट आपोआप बोलण्याला मिळते आणि नकाशा दुसरीवरून चालू राहतो. म्हणजे साहेबही खूश, ताईही खूश. हे सुचलं तेव्हा मी स्वतःची पाठ थोपटून घेतली (खांदा अजून दुखतोय).

पहिल्याच दिवशी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, नकाशा नऊ हजार सहाशे किलोबाइटचा, वेग एकशे अठ्ठावीस, भागाकार पंचाहत्तर सेकंद. सव्वा मिनिटात तुमच्याकडे. साहेब तिकडे ऑफिसात घड्याळ काढून बसले. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली, नकाशा निम्मासुद्धा जाईना. मी लाइनच्या नावाने खडे फोडत असताना भाजी निवडता निवडता तुझी भावजय म्हणाली, “आठाने भागलंत का?” (तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. नवऱ्याची चूक तिला दुसऱ्या खोलीतून दिसते.) टेलिफोनवाले वेग बिटांत मोजतात, मी नकाशा बाइटांत मोजला होता, आणि एका बाइटात बिट आठ. सव्वा मिनिटाची झाली दहा मिनिटं. मॉडेमच्या काळात हे मी कधी विसरलो नाही. तिथे तर दहाने भागायचो, कारण प्रत्येक बाइटाच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन बिट पहाऱ्याला चालायचे. नव्या लाइनीवर पहारेकरी नाहीत म्हणताच मी आनंदाच्या भरात आठाने भागणंही सोडून दिलं.

चौथ्या मिनिटाला फोन वाजला. सहा वाजून गेलेले, तुझ्याशिवाय कोण असणार? नकाशाची एक वाट गेली, वेग निम्म्यावर आला. मी म्हटलं, खड्ड्यात गेला नकाशा, आणि धावत जाऊन बोललो, “ताई, चुकलं माझं!” पलीकडे साहेब. नकाशा कुठे आहे म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तुम्ही फोनवर आहात म्हणून तो रेंगाळतोय. त्यांना तो अपमान वाटला. दाणकन फोन ठेवला आणि लगेच पुन्हा केला, का रेंगाळतोय ते विचारायला. मग तिसऱ्यांदा. दहा मिनिटांचा नकाशा पंधरा मिनिटांनी पोचला. (त्यांचा फोन स्पीकरवर होता. ऑफिसात आता त्यांना मागून काय म्हणतात ते विचारू नकोस.)

हसू येतंय ना? मलाही आलं, पण उशिरा. आधी वाईट वाटलं. तुझा आवाज ऐकू येणार म्हणून धावलो होतो. तीन आठवडे झाले, मला करमत नाही. रोज सहा वाजले की उगाच फोनशेजारी जाऊन बसतो. हवं तर फोन करून भांड, पण कर.

तुझा,
धाकटा

ता. क. : नव्या लाइनीबरोबर आमचा नंबरही बदलला, हे तुला कळवायचं राहिलंच. म्हणजे त्या दिवशी तुझा फोन येणं शक्यच नव्हतं. नवा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. मधल्या काळात तू जुन्या नंबरावर फोन केला असशील, तर सगळा दोष माझा. केला नसशील, तरी केला होता असं म्हण. मी विश्वास ठेवीन.

ता. क. दुसरं : खरं तर फोनही राहू दे. ऑपरेशन गुरुवारी आहे हे भाऊजींकडून कळलं, मी बुधवारीच येतोय. डोळ्यात औषध मी घालीन, भाऊजींचा हात थरथरतो. नको म्हणायला वेळ नाही. हे पत्र हातात पडेल तेव्हा मी निघालेलो असेन.

ता. क. तिसरं, फक्त भाऊजींना : एवढं तिला वाचून दाखवू नका. ताई ऑपरेशनला भीत नाही, मी भितोय. तिला आत नेतील तेव्हा बाहेर मला तुमच्या शेजारी बसू द्या, आणि काहीतरी बोलत राहा.