डालग्याखालचा पाय

मी, संस्कृती गहिनीनाथ तांगडे, वय अठरा पूर्ण, नववीतून शाळा सोडलेली, राहणार नेकनूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर हाय आणि मला कुणी धमकावलेलं न्हाई. एवढं आज्याच्या मृत्युपत्रावरनं बघून लिहिलं. धमकावलं न्हाई हे खरं हाय. विचारलं बी न्हाई.

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, माझी किडनी बसवायची ठरलीय. उद्या शहरातल्या दवाखान्यात मंजुरीच्या कमिटीपुढं जायचं, मग ऑपरेशन. त्यात माझं काही बरंवाईट झालं तर असं करावं.

१) शिलाई मशीन मामाच्या योगिताला. योगे, पायडल अडकतं, तेल सोडत जा.

२) चांदीचे पैंजण आईला, विमलबाईला. नवेच हायत. आबांच्या पायाचा अंगठा सुजला की त्यांना जवळून कुणी चाललेलं बी सोसत न्हाई, मग मी घालून कुठं मिरवू?

३) कोंबड्याचं डालगं. हे आबांच्या पायावर पालथं घालून वरून चादर टाकायची, मंजी चादर अंगठ्याला लागत न्हाई. ही युक्ती माझी. डालगं बी आईलाच, आणि त्याच्यासंगं पाणी पाजणं, शेक न देता गार फडकं ठेवणं, संडासला धरून नेणं. ह्याच्यापायीच शाळा सुटली. आई कापसात, भाऊ पुढाऱ्यामागं, घरात रिकामी मीच.

४) आबांची गोळी. डॉक्टर म्हणले होते, युरिक अ‍ॅसिडची गोळी दुखो न दुखो रोज खा, मटन-दारू सोडा, दुखायच्या गोळ्या मनानं खाऊ नका. आबा म्हणायचे, "दुखत न्हाई तर गोळी कावून खायची?" आणि दुखलं की मेडिकलमधनं मूठभर आणायचे. आबा ग्रामपंचायतीत हायत. दर्ग्याच्या कंदुरीचं, बोकडाच्या जेवणाचं, बोलावणं घेऊन माणसं आली की मी हळूच म्हणायची, "आबा, डब्यात वरण देते."

"गप बस. बोकडाला न्हाई म्हणलं तर मतं कोण देतंय? एका नळीनं मरतो का मी?"

माणसं हसायची. मग दोन दिवसांनी डालगं. त्या मूठभर गोळ्यांनीच किडन्या खाल्ल्या, असं डॉक्टर म्हणले. नवी बसवल्यावर गोळ्या कोण बघणार, ते आत्ताच ठरवा.

५) हनुमान, माझा मोठा भाऊ. त्याला काहीच देऊ नये, मोबाईल तर मुळीच न्हाई. मटनाच्या नळ्या लपवून तोच आणायचा. त्याचं रक्त बी जुळतंय. आई म्हणली, "त्याचं लगीन व्हायचंय, पोराला कसं कापायचं?" माझं बी व्हायचंय. हे मी मनातच म्हणले.

६) आबांवर माझा राग न्हाई. अंगठा ठणकला की एवढा मोठा माणूस "आई गं" करून रडतो, माझा हात सोडत न्हाई. एकदा जरी म्हणले असते, "पोरी, देतीस का?" तर दिली असती. पण परवा शेजारच्या भामाबाईला म्हणले, "घरचीच हाय, जाती कुठं?" मी चहा घेऊन दारात उभी होते.

७) असले कागद मेल्यावर उघडत्यात. हे कलम मात्र उद्याच वाचायचं. योगिता संगं येणार हाय, तिनं कमिटीच्या मॅडमला द्यावं.

मॅडम, तुमी विचारताल, खुशीनं देतीस का? आबा समोर असले तर मी हो म्हणून मान हलवीन. शाळा सोडतीस का म्हणल्यावर बी मी मानच हलवली होती. मला पटकन बोलता येत न्हाई. आबांना भायेर बसवा, दार लावा, जरा थांबा. तोंडानं हो म्हणले तरच घ्या. गप राहिले तर न्हाई समजा, आणि भायेर जाऊन ते तुमीच सांगा.

हे सगळं माझ्या हातानं लिहिलं, दोघींना वाचून दाखवलं, मग सही केली.

संस्कृती गहिनीनाथ तांगडे

साक्षीदार:
भामाबाई (डाव्या हाताचा अंगठा)
योगिता (सही)

नेकनूर, जि. बीड
१२ नोव्हेंबर २०२५