झेंड्यातले काका

प्रिय एपिफानिया मावशीस,

सेवेरोचा लवून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? ओस्वाल्दोकाकांची तब्येत उत्तम असणार (ती परवा आख्ख्या गावाने पाहिली, त्याबद्दल पुढे लिहितो). इकडे बटाटा बरा आला, गोठ्यातल्या लामाला पिल्लू झालं, आणि माझी नोकरी राहते की जाते ते येत्या सोमवारी कळेल. निवृत्तीला वर्ष उरलं असताना हे कसं झालं, ते मला अजून नीट समजलेलं नाही. तुला लिहिता लिहिता समजलं तर बघतो. फोन केला असता, पण तो आमच्या मुख्याध्यापिका दोन्या प्रिमितिवा यांच्या कपाटात पुरावा म्हणून जमा आहे. म्हणून हे पत्र तुमच्या आरिकाला येणाऱ्या बसच्या चालकाच्या हाती देतो आहे.

झालं असं, की सर्जनशील शिक्षणाचं एक प्रशिक्षण निघालं. जाणाऱ्या बाईंची ऐन वेळी दाढ दुखली, म्हणून मला धाडलं. तिथे शिकवलं ते असं: मुलांमागे हिरवं कापड टांगायचं, फोनने त्यांचं चित्रण करायचं, आणि फोन हिरवं तेवढं पुसून त्या जागी आपण देऊ ते दृश्य दाखवतो. मुलं वर्गात, पण भिंतीवरच्या चित्रात जंगलात नाहीतर चंद्रावर. मी विचारलं, चंद्रासाठी काळं कापड का नाही? शिकवणारा तरुण म्हणाला, "प्रोफे, तुम्ही फक्त हिरवं लावा." का, ते मला आजही माहीत नाही.

तेवीस मार्च जवळ आला होता. दीडशे वर्षांपूर्वी चिले देशाने आपला समुद्र घेतला, तो दिवस इकडे कसा पाळतात ते तुला सांगायला नको (तू आता त्यांच्या बाजूला राहतेस, तरी विसरली नसशील). दरवर्षी सहावीची मुलं निळ्या कागदाच्या लाटा हलवून समुद्र परत मागतात. मला वाटलं, यंदा पोरांना समुद्रावरच उभं करावं. पण माझ्या फोनमध्ये समुद्र एकच, नववर्षाला तू पाठवलेल्या चित्रफितीतला. त्यात उजव्या बाजूला काका, त्यांच्या देशाच्या फुटबॉल संघाचा लाल शर्ट घालून, गुडघाभर पाण्यात कलिंगड खात उभे. हलतच नाहीत. त्यांना कापायला गेलो तर अर्धा समुद्रही जायला लागला. शेवटी युक्ती सुचली. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी लिस्बेत हिला मोठा झेंडा देऊन बरोबर काकांच्या जागी उभं करायचं, म्हणजे काका झेंड्यामागे गडप.

आता झेंडा मुख्याध्यापिकाबाईंच्या कुलपात असतो आणि फक्त समारंभाला बाहेर निघतो. सरावाला मागितला तर म्हणाल्या, "झेंडा म्हणजे काय चादर आहे, प्रोफेसोर सेवेरो?" म्हणून आम्ही केरसुणीच्या दांड्याला माझा अंगावरचा लाल पोंचो बांधून सराव केला. काका एकदाही दिसले नाहीत. मी त्या आठवड्यात फार सुखात होतो.

समारंभाला सगळे पालक आले, बँड आला. मुलं कापडासमोर उभी राहिली आणि भिंतीवर लाटा उसळल्या. पुढच्या बाकावरच्या एका आजीने घागरा भिजेल म्हणून पाय वर घेतले. मग लिस्बेतने खरा झेंडा उघडला. वर लाल, मध्ये पिवळा, आणि खालचा हिरवा पट्टा जागेवर नाहीच! तिथे समुद्र. समुद्रात काकांचं डोकं आणि कलिंगडाची फोड.

बँड थांबला. दोन्या प्रिमितिवा म्हणाल्या, "प्रोफेसोर, आपल्या झेंड्यात हा कोण माणूस आहे?"

मावशी, माझ्या तोंडातून निघालं, "आपल्या कोळ्यांचा शेवटचा वंशज. अजून आपल्या किनाऱ्यावर पाय रोवून उभा आहे."

"मग खातोय काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप रे!" शेजारच्याने त्याला दटावलं. "दीडशे वर्षं उभं राहिल्यावर भूक नाही लागणार?"

आणि सगळी सभा उठून उभी राहिली. बँडने राष्ट्रगीत धरलं, आजी रडायला लागल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे पुसत जाहीर केलं, की सोमवारी झेंडावंदनाला याच अंगणात त्या वीराचा सत्कार होईल. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तो आला तर तुमचाही सत्कार. नाही आला, तर झेंड्याच्या अपमानाचा खुलासा लिहून वर पाठवायचा." त्यांना खरं किती कळलं आहे, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

असं सगळं आहे. काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, गैरसमज नसावा. गुडघ्यांना जप.

तुझा भाचा,
सेवेरो

ता. क. काकांना शनिवारच्या बसमध्ये बसवून दे. लाल शर्ट नको. इथे उतरल्यावर तोंड उघडू नये, त्यांच्याकडची बोली बँडवाले लगेच ओळखतात. घसा बसला आहे असं मी सांगेन. इथल्या डोंगराच्या उंचीने डोकं दुखेल, कोकाच्या पानांचा चहा तयार ठेवतो.

ता. क. काका तयार होत नसतील, तर सांग की इथे ते चिलेचे नाहीतच. एका दिवसाचा प्रश्न आहे.

ता. क. काल लिस्बेतने विचारलं, "प्रोफे, समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का?" मी सवयीने हो म्हणालो. मग लक्षात आलं, आयुष्यभर शिकवलं, पण चाखलेलं मीही नाही. त्याच बसने एक बाटली भरून पाठव. काका नाही आले तरी चालेल.